अल्बम कोणत्या सिस्टीमवर करायचा

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर शेवटी नवीन विंडोजच बसली. फोटोचं सॉफ्टवेअर त्यावर बिनबोभाट चालतं. मात्र हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. आमच्या विट्यात कोणी विचारलं तर कुठली सिस्टीम टाकायची याचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो होत नाही तोवर कुंभार गुरुजींच्या शुभदाच्या लग्नाचा अल्बम होऊ शकत नाही.

तर, निर्णय व्हायचा होता त्या दिवशी नवा कोरा कॉम्प्युटर काउंटरवर उभा होता आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती, मयताला जमल्यासारखे. आप्पा म्हणजे माझे वडील आणि स्टुडिओचे मालक, शेजारच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा मित्र जुबेर, आणि मी. जुना कॉम्प्युटर श्रावणात वीज कमी-जास्त होऊन जळाला होता. फोटो वेगळ्या डिस्कवर होते म्हणून वाचले.

"जुनी विंडोज टाक," आप्पा म्हणाले. "जळाली तीच."

"कॉम्प्युटर जळालाय आप्पा, विंडोज नाही."

"मग झालं तर. ती शाबूत आहे की."

जुबेरनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्याचा लिनक्स नावाच्या सिस्टीमवर जीव होता. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, कोणाच्या बापाची मालकी नाही, असं सांगताना त्याचा आवाज कातर व्हायचा.

"त्यावर आपलं फोटोचं सॉफ्टवेअर चालतं का?" मी विचारलं.

"ते एक सोडून सगळं चालतं."

महागड्या मॅकचं नाव मी एकदाच काढलं होतं. आप्पांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि ते घरी जेवायला गेले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

खरं तर यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरला नवीन विंडोज लागत होती. ती टाकायची आणि कामाला लागायचं. शुभदाचं लग्न हे मी एकट्यानं शूट केलेलं पहिलं लग्न. फोटो असे आले होते की आप्पासुद्धा "बरे आहेत" म्हणाले होते. हा शब्द त्यांनी यापूर्वी फक्त पावसाबद्दल वापरला होता.

तेवढ्यात गुरुजी आले. छत्री दाराला अडकवली आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं म्हणाले, "अवधूत. अल्बम?"

"गुरुजी, आधी सिस्टीम टाकायचीय."

"म्हणजे?"

"म्हणजे... फळा असल्याशिवाय खडू काय कामाचा? आधी फळा टांगावा लागतो."

"मग टांगा की. तीन माणसं भिंतीकडं बघत काय उभी आहात?"

ते स्टुलावर बसले. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी मान खाली घातली. गावात सगळ्यांना माहीत होतं तेच ते आम्हाला पुन्हा सांगायला लागले. शुभदा आखाडाला माहेरी आली होती. नवी नवरी आखाडात माहेरी येते, तशी. आखाड संपला, श्रावण संपला, गणपती बसले आणि उठलेही, शुभदा माहेरीच. तासगावचे तिचे सासरे म्हणत होते, आणून सोडा. गुरुजी म्हणत होते, मूळ पाठवा, न्यायला माणूस आला की पोरगी धाडू. दोन्हीकडच्या मानाचा प्रश्न झाला. शेवटी बैठक बसली. चार शहाणी माणसं सतरंजीवर बसली, दोनदा चहा झाला आणि तोडगा निघाला: जावयानं बायकोला न्यायला यायचं नाही. जावयानं अल्बम न्यायला यायचं. आणि आलाच आहे तर जाताना बायकोही घेऊन जायची.

"कुणाचाच मान गेला न्हाई," आप्पा कौतुकानं म्हणाले.

"फक्त अल्बम पाहिजे," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडं बघून, एकदम खालच्या आवाजात, "पोरगी रोज रात्री भांडी घासून ठेवते आणि भिंतीकडं तोंड करून झोपते. तेवढं बघ बाबा."

मी तेवढं बघायला बसलो. आप्पा आणि जुबेर दोघांना बाहेर काढून नवीन विंडोज टाकायला घेतली. पडद्यावर टक्के सरकायला लागले आणि दारात शुभदा.

शुभदा आणि मी एका वर्गात होतो, गुरुजींच्याच. "बाबांनी फोटो निवडायला पाठवलंय," ती म्हणाली आणि बाकावर बसून पडद्याकडं बघत राहिली.

"किती दिवस लागतील अवध्या?"

"आज सिस्टीम होईल. उद्यापासून पानं लावायला घेतो. महिना काही लागत नाही."

तिनं पडद्यावरचे टक्के बघितले. मग म्हणाली, "यातली सगळ्यात हळू कुठली?"

"कशातली?"

"या सिस्टीमी असतात त्यातली."

"हळू असलेली कोण कशाला घेईल?"

"मी विचारतेय ना."

मी खुर्ची वळवली. असं काही विचारायची मला सवय नाही, त्यामुळं वाईट विचारलं. "मारतात का तिथं?"

"छे. मारत नाहीत, बोलत नाहीत, काहीच करत नाहीत." तिनं हसायचा प्रयत्न केला. "भाजीत मीठ कमी पडलं तर तो आईंना सांगतो. मग आई मला सांगतात. मी समोर उभी असते, पोळी वाढत."

"मग जायचं नाही म्हणून सांग गुरुजींना."

"कारण काय सांगू? मीठ?"

पडद्यावर टक्के सरकतच होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हे जरा अडकायला पाहिजे.

"मला जरा विचार करायचाय रे," ती म्हणाली. "घरी विचार करत बसलं की समोर चारजण येऊन बसतात, कसला विचार करतेस म्हणून. तुझ्या कॉम्प्युटरला कोणी तसं विचारत नाही."

मी वाकून मागची वायर उपसली. पडदा काळा झाला.

"बिघडला?"

"सध्या हो," मी म्हणालो.

पुढचे दिवस माझ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त मेहनतीचे. काम करणं सोपं असतं. काम न होऊ देणं, तेही सगळ्यांच्या देखत घाम गाळून, याला अंगात कला लागते.

सुरुवात आप्पांच्या जुन्या विंडोजनं केली. आप्पा खूश. डाव्या कोपऱ्यात नेहमीची चित्रं बघून त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर पाटी आली की एवढ्या जुन्या सिस्टीमवर हे चालणार नाही. आप्पा चष्मा लावून पाटीला म्हणाले, "चालव की. एवढं काय त्यात." पाटी हलली नाही. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी जुबेरला हाक मारली. "तुझं लिनक्स टाकू या." जुबेरनं मला मिठी मारली. त्याचा मोठा भाऊ दुबईहून आला तेव्हासुद्धा त्यानं एवढी घट्ट मारली नव्हती. सॉफ्टवेअर आणि लिनक्स यांच्यामध्ये एक दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम बसवावा लागतो, तो त्यानं तहानभूक विसरून बसवला. आणि घोटाळा असा की सगळं चालायला लागलं. जुबेर चहा सांगायला गेला तेवढ्यात मी आत जाऊन रंगांचं सेटिंग पार बिघडवून टाकलं.

नेमके गुरुजी आले. "झालं म्हणे?" असं म्हणत पडद्याकडं वाकले. "ही कोण?"

"शुभदा."

"हिरवी का आहे?"

"हळदीच्या कार्यक्रमातला फोटो आहे गुरुजी."

"हळद हिरवी असते?"

जुबेर दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन दारात उभा होता आणि हिरव्या वऱ्हाडाकडं बघत होता. लिनक्सचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण त्यानं ते मनाला लावून घेतलं. अजूनही कुठल्या लग्नात हळद बघितली की तो बाजूला जाऊन उभा राहतो. मी त्याला खरं सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी कॉम्प्युटरचे दोन भाग केले, एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. मग दोन्ही पुसल्या. मग नवीन विंडोज टाकली, पण चुकीच्या भाषेत, आणि ती भाषा कोणती हे शोधण्यात चार दिवस सन्मानानं काढले. गावात बोलबाला झाला. केशकर्तनालयात माझा विषय निघायला लागला. "बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय पोरगं आणि त्याला सिस्टीम सापडंना." पासपोर्ट फोटोवाले समोरच्या स्टुडिओत जायला लागले. तिथं जाताना आमच्या दुकानाकडं बघून ते किंचित मान हलवायचे, आजारी माणसाकडं बघून हलवतात तशी.

आणि डिस्कवर ते फोटो तसेच पडलेले. रात्री झोपताना अल्बमची पानं डोळ्यांसमोर लागायची. मुंडावळ्या सावरणारी शुभदा डाव्या पानावर, तिच्याकडं बघणारे गुरुजी उजव्या पानावर, मध्ये काहीही नाही, मोकळी जागा. सकाळी उठून मी परत सिस्टीम पुसायचो.

"लोक बायको निवडायला एवढा वेळ घेत न्हाईत," आप्पा एकदा वैतागून म्हणाले.

"म्हणूनच आप्पा."

"काय म्हणूनच?"

"काही नाही."

दसऱ्याच्या आठवडाभर आधी एक माणूस दुकानात आला आणि फोटोसाठी धबधबा रंगवलेल्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसला. मी चेहरा ओळखला. मी त्याचे चारशे फोटो काढले होते आणि एकातही तो हसत नव्हता. शुभदाचा नवरा, धैर्यशील.

"या दाजी," मी म्हणालो. "अल्बमचं जरा सिस्टीममुळं..."

"ऐकलंय." त्यानं रुमालानं मान पुसली. "त्याचंच बोलायचं होतं. म्हणजे घाई नाही."

"नाही?"

"सावकाश केलं तरी चालेल."

"किती सावकाश?"

त्यानं धबधब्याकडं बघितलं. "जमेल तेवढं."

मी इतका दमलो होतो की तोंडातून निघून गेलं, "ती ऑर्डर आधीच आलीय दाजी."

"कोणाकडून?"

मी डिस्कवरची धूळ पुसायला लागलो. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. चांगला हसला, खांदे हलेपर्यंत. माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडं गेला.

"तिचा नंबर देता का?" तो म्हणाला.

"बायकोचा नंबर नाही तुमच्याकडं?"

"आईच्या फोनमध्ये आहे."

मी नंबर दिला. ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नसते, पण इथं दोन्ही बाजूंनी ग्राहक तेच होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गुरुजी निर्वाणीचं बोलायला आले. "परवा दसरा. तासगावला निरोप गेलाय. जावई परवा अल्बम न्यायला येणार. आज रात्रभर बस, उद्या दिवसभर बस."

"गुरुजी, उद्या खंडेनवमी. मशीन पूजेला मांडणार."

"मग?"

"पूजेला मांडलेलं हत्यार उचलत न्हाईत गुरुजी," आप्पा मागून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या मदतीला आले होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. "कॅमेरा, लेन्स, कॉम्प्युटर, समदं बसणार. दसऱ्याला सोनं लुटल्यावरच हात लावायचा."

माझ्यावर गुरुजी ओरडू शकत होते. देवापुढं त्यांचा इलाज नव्हता. छत्री विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता, की-बोर्डवर हळदी-कुंकू होतं आणि माउसपुढं नारळ होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. आप्पा नैवेद्याला घरी गेले. आधी शुभदा आली, बाबांची छत्री न्यायला. मग धैर्यशील आला, काहीच कारण न सांगता. मी बाहेर पायरीवर बसलो.

आतून तिचा आवाज आला. "मला तुमचा राग नाहीये."

"मला पण नाही," तो म्हणाला. "असता तर भांडलो तरी असतो."

"तुम्हाला करायचंच नव्हतं ना लग्न?"

"तुला?"

"मला कोणी तसं विचारलं नव्हतं. नाही म्हणाले नव्हते, एवढंच."

"माझं पण तेवढंच."

रस्त्यावरून एक रिक्षा हार घालून गेली. मग दोघं हसायला लागले, एकाच वेळी, जणू कोणी त्यांना "इकडं बघा" म्हणालं होतं.

"घरी कोणी सांगायचं?" तो म्हणाला.

"दोघांनी मिळून. पहिलंच काम आहे मिळून करायचं."

बाहेर आल्यावर शुभदानं छत्री उघडली. ऊन होतं. "अवध्या, अल्बम करू नको," ती म्हणाली. धैर्यशीलनं मागून मान हलवली. माझ्या हातून बनू शकला असता तो सगळ्यात चांगला अल्बम असा पायरीवर रद्द झाला.

दसऱ्याला त्यांनी दोन्ही घरच्यांना समोर बसवून सांगितलं. राग नाही, तक्रार नाही, दोघांचंही एकमत आहे, वेगळं व्हायचंय.

"एकमत आहे म्हणता?" गुरुजी म्हणाले. "मग नांदायला काय हरकत आहे?"

याला कोणाजवळच उत्तर नव्हतं. त्यामुळं लोकांनी आपापली शोधली. तासगावकरांनी कुठलं शोधलं ते मला माहीत नाही. गुरुजींचं मात्र दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन ठेपलं. ते ओरडले नाहीत. काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "वेळेवर अल्बम दिला असतास तर जावई आले असते. पोरगी गेली असती. रुळली असती. तू सिस्टीम निवडत बसलास."

मी तोंड उघडलं. त्यांच्या मागं रस्त्यापलीकडं शुभदा उभी होती. तिनं नुसती मान हलवली, डावीकडं, उजवीकडं.

"चूक झाली गुरुजी," मी म्हणालो.

संध्याकाळी ती आली. मी भांडायच्या तयारीत होतो. "गावभर माझी छी-थू होतेय. तुम्ही दोघांनी ठरवलं, हे त्यांना नीट सांग ना."

"सांगितलं. ऐकू येत नाही त्यांना." ती बाकावर बसली. "त्यांना कोणाला तरी दोष द्यायचाय रे. त्याला दिला तर कोर्टकचेरी करतील. मला दिला तर आजारी पडतील. स्वतःला दिला तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "कॉम्प्युटरला देऊ दे ना. त्याला काय होतंय?"

"कॉम्प्युटरला नाही देत आहेत ते. मला देताहेत."

"तेच ते," शुभदा म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी मला शाळेतली शुभदा दिसली. म्हणून मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात मी शटर आतून ओढून नवीन विंडोज टाकली. जेवायच्या सुट्टीत काम झालं.

आता शुभदा साताऱ्याला एका लॅबमध्ये नोकरी करते, मजेत आहे, भाजीत मीठ स्वतःच्या अंदाजानं घालते. धैर्यशीलचा दिवाळीला फोन येतो. गुरुजी निवृत्त झाले. ओळखीच्या कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की ते आवर्जून विचारतात, फोटोवाल्याकडं कुठली सिस्टीम आहे. दसऱ्याला दुकानात येतात, आप्पांच्या हातावर आपट्याचं पान ठेवतात, "सोन्यासारखे राहा" म्हणतात आणि माझ्याकडं न बघता छत्री घेऊन निघतात. मी हात पुढं केलेला असतो. तो मग मी केसांवरून फिरवतो.

या परिस्थितीत, जगातील सर्व लहानमोठ्या सिस्टीमी बनवणाऱ्या कंपन्यांच्या मा. व्यवस्थापकांना विनंती करण्यात येते की, कु. शुभदा कुंभार यांचा विवाह मोडण्यास आपली कोणतीही सिस्टीम, जुनी अथवा नवी, फुकट अथवा विकतची, जबाबदार नव्हती, असे संयुक्त प्रमाणपत्र श्री. कुंभार गुरुजी यांना पोस्टाने पाठवावे. सदर प्रमाणपत्रात मुलगी, जावई आणि विशेषतः मुलीचे वडील यांचाही दोष नव्हता असे स्पष्ट नमूद करून त्या ओळीखाली रेघ मारावी. मजकूर मराठीत असावा आणि त्यावर गोल शिक्का असावा, कारण गुरुजी शिक्का नसलेल्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत. प्रमाणपत्र येईपर्यंत सर्व दोष आमच्या दुकानी जमा राहील. त्यास आमची हरकत नाही.